हॅनाहनचे जेट इंधन : जमिनीतल्या सूक्ष्मजीवांना काय कमी पडत होते?

पार्श्वभूमी

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यात, चार्ल्स्टन शहराच्या उपनगरांत हॅनाहन नावाची वस्ती आहे. लष्करी विमानांना लागणाऱ्या इंधनाचा मोठा साठा तिथे ठेवला जात असे. १९७५ साली या साठ्यातून सुमारे ८३ हजार गॅलन, म्हणजे ३ लाख १४ हजार लिटर जेट इंधन गळले. आपल्याकडे पेट्रोल पंपावर येणारा १२ हजार लिटरचा टँकर डोळ्यांसमोर आणला, तर असे सव्वीस टँकर जमिनीवर रिकामे झाले असे समजावे. गळती कळताच इंधन अडवण्याचे आणि गोळा करण्याचे काम मोठ्या प्रमाणावर झाले. बरेचसे इंधन आटोक्यात आलेही. पण जमीन रेताड होती, वरून ओतलेले खाली जाऊ देणारी होती, आणि भूजल उथळ होते. जे हाती लागले नाही ते मुरले आणि पाण्यापर्यंत पोहोचले.

इंधन जेपी-४ जातीचे होते. त्याला सोयीसाठी रॉकेलच्या कुळातले म्हणतात, पण ते निव्वळ रॉकेल नव्हे. रॉकेल आणि पेट्रोलसारखा हलका भाग यांचे ते मिश्रण असते. पुढची सगळी डोकेदुखी या हलक्या भागाने निर्माण केली, कारण पाण्यात सहज उतरणारी बेंझीन आणि टोल्युईन ही संयुगे त्यातच असतात.

जमिनीत मुरलेले इंधन एकाच रूपात राहत नाही. काही भाग मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत चिकटून बसतो, काही भूजलाच्या पातळीवर तवंगासारखा तरंगतो, काही वाफ होऊन मातीतल्या हवेत मिसळतो आणि थोडासा पाण्यात विरघळतो. विरघळणारा भाग वजनाने सर्वांत कमी असतो, पण वाहत्या भूजलाबरोबर दूरवर जातो तो हाच. शिवाय पावसाने भूजलाची पातळी वरखाली झाली की तरंगणारा थरही तिच्याबरोबर वरखाली होतो आणि प्रत्येक फेरीत मातीचा आणखी थोडा पट्टा माखून ठेवतो. तेलाच्या बरणीत कितीही वेळा साधे पाणी घालून हिंदकळले तरी काचेचा ओशटपणा जात नाही. रेतीतल्या इंधनाचे तसेच होते.

समस्या

१९८५ पर्यंत दूषित भूजल जवळच्या निवासी भागाखाली येऊन पोहोचले. गळती आणि हा क्षण यांच्यामध्ये दहा वर्षे गेली होती. इंधनाचा मुरलेला साठा जागच्या जागी राहिला, पण त्याच्यातून जाणारे पाणी दर पावसाळ्यात थोडे थोडे बेंझीन धुऊन घेत पुढे सरकत राहिले.

बेंझीनमुळे कर्करोग होतो, हे वादातीत आहे. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात त्याची कमाल मर्यादा एक अब्ज भागांत ५ भाग, म्हणजे लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा १० मायक्रोग्रॅम आहे. एक लिटर बेंझीनचे वजन सुमारे ८८० ग्रॅम भरते. गणित केले तर एवढे एक लिटर १७ कोटी लिटरहून अधिक पाणी अमेरिकी मर्यादेपर्यंत बिघडवायला पुरते. म्हणून ‘बहुतेक इंधन परत मिळवले’ हे वाक्य टाकीच्या हिशेबात खरे असले तरी भूजलाच्या हिशेबात फारसे सांगत नाही.

इंधन साठवणाऱ्या केंद्रासमोर त्यामुळे दोन वेगळे प्रश्न होते. वस्तीखाली पोहोचलेले पाणी कसे थांबवायचे, हा पहिला; आणि ते पाणी सतत दूषित करणारा मातीतला साठा कसा संपवायचा, हा दुसरा. पुढे विचारात घेतलेले पर्याय या दोन प्रश्नांना वेगवेगळे लागू पडतात, आणि अशा प्रकरणांतला निम्मा गोंधळ ही दोन उत्तरे एकच समजल्यामुळे होतो.

पर्याय

पहिला पर्याय खोदून माती काढण्याचा. लहान पेट्रोल पंपाखालची टाकी फुटली तर हाच मार्ग बहुधा सर्वांत झटपट असतो. इथे तो तांत्रिकदृष्ट्या व्यवहार्य नव्हता. माती उकरून ती शेवटी कुठेतरी टाकावीच लागते, म्हणजे प्रदूषण संपत नाही, त्याचा पत्ता बदलतो, हीसुद्धा या मार्गाची जुनीच अडचण आहे.

दुसरा पर्याय पाणी उपसून, शुद्ध करून सोडण्याचा. वस्तीकडे जाणारे पाणी अडवायला हा मार्ग योग्य होता. पण उपशाने पाणी निघते, मातीला चिकटलेले इंधन निघत नाही. पंप चालू असेपर्यंत आकडे उतरतात आणि पंप थांबला की काही महिन्यांत पुन्हा चढतात. मूळ साठ्याला हात न लावता केलेला उपसा वर्षानुवर्षे चालवावा लागतो, आणि विजेचे बिल दर महिन्याला येतच राहते.

तिसरा पर्याय काहीच न करता निसर्गावर सोडून देण्याचा. हा ऐकायला बेजबाबदार वाटतो, पण तो मूर्खपणाचा नाही. मिनेसोटा राज्यातील बेमिजी येथे १९७९ च्या ऑगस्टमध्ये कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली, आणि तिथे मातीत राहिलेल्या तेलाचे पुढे काय होते याचा अभ्यास अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने अनेक वर्षे केला. प्राणवायू संपल्यावरही जमिनीतले जीवाणू लोहाच्या ऑक्साइडच्या आधारे टोल्युईन खाऊ शकतात, हे त्या जागेशी संबंधित संशोधनातून १९८९ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र ‘सोडून देणे’ हा पर्याय तेव्हाच चालतो जेव्हा दूषित पाणी पुढे सरकण्याच्या वेगापेक्षा ते खाल्ले जाण्याचा वेग जास्त असतो. हॅनाहनमध्ये पाणी वस्तीखाली पोहोचले होते, म्हणजे ही शर्यत जीवाणू हरत होते.

चौथा पर्याय बाहेरून खास जीवाणू आणून सोडण्याचा. त्या काळी या कल्पनेभोवती मोठे वलय होते. आनंद मोहन चक्रवर्ती या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत तेलातील अनेक घटक पचवणारा जीवाणू तयार केला होता, आणि १९८० मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तशा सजीवाचे पेटंट घेता येते असा निकाल दिला होता. पण न्यायालयात जिंकलेला जीवाणू जमिनीत जिंकेलच असे नाही. बाहेरून आणलेल्या जीवाणूला रेतीच्या बारीक छिद्रांतून पसरावे लागते, तिथल्या आम्लतेशी आणि थंडीशी जुळवून घ्यावे लागते आणि दहा वर्षे तिथेच इंधनात राहून पक्के झालेल्या स्थानिकांशी स्पर्धा करावी लागते.

पाचवा पर्याय, जो शेवटी निवडला गेला, तो स्थानिक जीवाणूंनाच हवे ते पुरवण्याचा होता. त्याचा पूर्वेतिहास फार जुना नसला तरी होता. १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील अँब्लर येथे पाइपलाइनमधून गळलेल्या पेट्रोलवर पोषकद्रव्ये आणि हवा पुरवून जागच्या जागी उपचार झाला होता. आणि १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडल्यावर किनाऱ्यावरच्या दगडगोट्यांवर खते फवारण्याचे प्रयोग झाले, तेव्हा ही गोष्ट वर्तमानपत्रांतही पोहोचली.

हा पर्याय महाराष्ट्रातल्या ऊस उत्पादकाला समजावून सांगावा लागणार नाही. तोडणीनंतर शेतात राहिलेले पाचट न जाळता कुजवायचे असेल तर त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकतात. पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र अगदी कमी, त्यामुळे नुसते पाचट पडून राहते आणि वर जमिनीतले असलेले नत्रही कुजवणारे जीव अडकवून ठेवतात. इंधन हे या बाबतीत पाचटाहून टोकाचे आहे. त्यात कर्ब आणि हायड्रोजन आहे. नत्र आणि स्फुरद जवळपास नाहीच.

पहिला निर्णायक टप्पा : बाटलीतले निकाल

पाचवा पर्याय कागदावर चांगला दिसतो म्हणून तो लगेच राबवला गेला नाही. या जागेवरच्या दूषित मातीचे नमुने प्रयोगशाळेत नेऊन त्यांवर प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. या निकालांवर थोडे थांबायला हवे, कारण ते जितके आशादायक होते तितकेच अडचणीचेही होते.

पद्धत अशी. झाकणबंद बाटल्यांत माती ठेवायची आणि त्यात किरणोत्सारी कार्बन-१४ ने खूण केलेले संयुग घालायचे. जीवाणूंनी ते संयुग श्वसनात वापरले तर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमध्ये ती खूण सापडते. त्यांनी ते स्वतःची पेशी बांधायला वापरले तर खूण पेशीत सापडते. काही बाटल्यांतील जीवाणूंचे कार्य मुद्दाम बंद पाडलेले असते. त्या बाटल्यांतही वायू वाढला तर तो जीवांचा नव्हे, रसायनाचा खेळ आहे असे समजते. हा शेवटचा भाग वगळून केलेला कोणताही ‘जैविक’ दावा वाचायच्या लायकीचा नसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ग्लुकोज दिल्यावर एका दिवसातच खूण केलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर आला. म्हणजे एवढ्या वर्षांच्या इंधनाच्या सहवासानंतरही तिथले जीवाणू जिवंत आणि कामाचे होते. लिटरला एक मिलिमोल या प्रमाणात नायट्रेट, म्हणजे नत्राचा क्षार, घातल्यावर ग्लुकोजचा एकूण वापर वाढला, आणि ती वाढ मुख्यतः पेशी बांधण्यात दिसली. नत्र मिळताच ते वाढू लागले, असा याचा अर्थ.

यापुढचा निकाल सर्वांत बोलका आहे. नुसत्या दूषित मातीत कार्बन डायऑक्साइडची निर्मिती, कार्य बंद पाडलेल्या बाटल्यांपेक्षा वेगळी नव्हती. जिवंत जीवाणू आणि मेल्यासारखे जीवाणू यांच्यात फरकच दिसत नव्हता. त्याच मातीत नायट्रेट घातल्यावर मात्र कार्बन डायऑक्साइड दोन महिने सरळ रेषेत वाढत गेला आणि बाटलीतील प्राणवायू १० टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आला. अन्न होते, खाणारे होते, प्राणवायूही होता. अडले होते ते नत्रावाचून.

पण त्याच अभ्यासात खूण केलेले बेंझीन आणि टोल्युईन तीन महिन्यांनंतरही लक्षणीय प्रमाणात वापरले गेले नव्हते. इंधनातील सरळ साखळीचे हेक्झेन खाल्ले जात असल्याचे दिसले, तेवढ्याच वजनाच्या फांद्या असलेल्या साखळ्या मात्र तशा खाल्ल्या गेल्या नाहीत. जीवाणू ताटातले सोपे पदार्थ आधी उचलत होते. आणि वस्तीला धोका होता तो ताटात उरलेल्या पदार्थांचा.

या टप्प्यावर दोन निर्णय शक्य होते. ‘बेंझीन, टोल्युईन खाल्ले जात नाही’ असे म्हणून हा मार्ग सोडता आला असता. किंवा ‘एकूण इंधन खाल्ले जाते’ असे म्हणून नत्राची पोती थेट जमिनीत रिचवता आली असती. दोन्हींना त्याच अहवालात आधार सापडला असता. बाटलीतल्या प्रयोगाचे निकाल हे शक्यतेविषयी असतात, वेगाविषयी नसतात, हे लक्षात घेऊन प्रत्यक्ष जमिनीत काय चालले आहे ते पाहण्याचे काम चालू ठेवले गेले.

दुसरा निर्णायक टप्पा : जमिनीत श्वास कशाचा?

प्रयोगशाळेतली बाटली प्राणवायूची होती. जमिनीखाली, इंधनाच्या जवळ, प्राणवायू राहत नाही. हवेशी संपर्क असलेल्या पाण्यात लिटरमागे जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, आणि एक ग्रॅम बेंझीन पूर्ण जाळायला तीन ग्रॅमहून अधिक लागतो. एक किलो बेंझीनला सुमारे साडेतीन लाख लिटर ताज्या पाण्यातला सगळा प्राणवायू खर्ची पडेल. म्हणून इंधनाखालचे जीवाणू प्राणवायू संपल्यावर नायट्रेट, मग लोह, मग सल्फेट यांच्यावर श्वास भागवतात आणि शेवटी मिथेन तयार करणाऱ्यांची पाळी येते. पायरी जितकी खालची, तितके काम सहसा मंद.

कोणत्या विहिरीत कोणती पायरी चालू आहे हे ओळखायला पाण्यात विरघळलेला हायड्रोजन मोजण्याची पद्धत या जागेवर वापरली गेली. काचेच्या फुग्यासारख्या नळीतून विहिरीचे पाणी संथपणे वाहू देतात, आत वायूचा एक छोटा बुडबुडा अडकवून ठेवतात, आणि पाण्यातला हायड्रोजन त्या बुडबुड्यात उतरून समतोल साधेपर्यंत वाट पाहतात. मग बुडबुडा सुईने काढून उपकरणात सोडतात. मोजायचे प्रमाण नॅनोमोलमध्ये, म्हणजे मिलिमोलच्या दहा लाखाव्या भागात असते. लोहाच्या पायरीवर लिटरला साधारण ०.२ ते ०.८, सल्फेटच्या पायरीवर १ ते ४, आणि मिथेनच्या पायरीवर ५ च्या वर. विहिरीची नळी लोखंडाची असेल तर गंजणारे लोखंडच हायड्रोजन सोडते आणि वाचन बिघडते. नळी प्लास्टिकची हवी. एवढ्या साध्या कारणाने महागडी मोजणी वाया जाऊ शकते.

१९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीतून दिसले की जमिनीखालचे चित्र स्थिर नव्हते. पावसाचे पाणी झिरपून सल्फेट आले की मिथेनच्या पायरीवर असलेला भाग सल्फेटच्या पायरीवर चढे. त्याच विहिरीतून कोरड्या महिन्यात घेतलेला नमुना आणि पावसानंतर घेतलेला नमुना दोन वेगवेगळ्या जागांचे वाटावेत इतका फरक पडू शकतो. एकदाच नमुने घेऊन ‘इथे अमुक प्रक्रिया चालते’ असा शिक्का मारणाऱ्या अहवालांचा मोह यानंतर तरी कमी व्हायला हवा होता.

नायट्रेटचे महत्त्व इथे दुहेरी ठरते. ते पेशी बांधायला खत म्हणून उपयोगी पडते आणि प्राणवायू संपलेल्या जागी श्वासालाही चालते. शिवाय ते पाण्यात प्राणवायूपेक्षा कितीतरी पट अधिक विरघळते. प्राणवायू पुरवण्यासाठी हायड्रोजन पेरॉक्साइड सोडण्याचा मार्ग त्या काळी इतरत्र वापरला जात होता, पण ते सोडलेल्या जागेजवळच फुटते, आणि भूजलातले विरघळलेले लोह गंजून रेतीची छिद्रे बुजवते.

कृती

उपचाराची प्रत्यक्ष व्यवस्था १९९२ मध्ये सुरू झाली. तिचे दोन भाग होते आणि दोन्ही मिळूनच ती समजते. दूषित मातीच्या जागी झिरपण चर केले गेले आणि त्यांतून पोषकद्रव्यांचे पाणी खाली सोडले गेले. दुसरीकडे उपसा विहिरींच्या मालिकेने दूषित भूजल बाहेर काढले जाऊ लागले.

चर आणि विहिरी यांची ही जोडी सांगायला सोपी आहे, पण तीत एक महत्त्वाचा विचार आहे. खाली सोडलेले पाणी कुठे जाते यावर ताबा नसेल तर आपण पोषकद्रव्यांबरोबर बेंझीनही वस्तीकडे ढकलतो. उपसा विहिरी भूजलाचा उतार आपल्या बाजूला वळवतात. चरातून गेलेले पाणी माखलेल्या मातीतून फिरून विहिरींकडे येते. पहिल्या प्रश्नाला (पाणी अडवणे) विहिरींनी उत्तर दिले, दुसऱ्याला (साठा संपवणे) चरांनी.

नत्राची मात्रा हा यातला नाजूक भाग आहे. बाटलीत वापरलेले एक मिलिमोल नायट्रेट म्हणजे लिटरला ६२ मिलिग्रॅम. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, आणि अमेरिकेची मर्यादाही जवळपास तेवढीच भरते. थोडक्यात, प्रयोगशाळेत यशस्वी ठरलेली मात्रा स्वतःच पाणी पिण्याला अयोग्य करणारी होती. जीवाणूंनी सगळे वापरले तर प्रश्न नाही, पण जिथे इंधनच नाही अशा भागात गेलेले नायट्रेट न वापरता पुढे वाहते. एक प्रदूषण संपवताना दुसरे पेरायचे नसेल तर खालच्या बाजूच्या प्रत्येक विहिरीत नायट्रेटही तितक्याच नियमाने मोजावे लागते.

परिणाम

१९९३ च्या अखेरीस निवासी भागातील प्रदूषण ७५ टक्क्यांनी कमी झाले होते. झिरपण चरांच्या जवळ, म्हणजे पोषकद्रव्ये जिथे आधी पोहोचत होती तिथे, निकाल याहून चांगला होता. ज्या भूजलात पूर्वी टोल्युईन ५००० अब्जांश भागांहून अधिक होते, तिथे आता प्रदूषण मोजण्याइतकेही राहिले नव्हते.

प्रयोगशाळेत तीन महिन्यांत टोल्युईनला हात न लावणाऱ्या जीवाणूंच्या जमिनीत हे झाले. विरोधाभास वाटतो, पण तो फक्त बाटलीला जमीन समजल्याने वाटतो. जमिनीत वेळ जास्त असतो, अनेक पायऱ्यांचे जीवाणू शेजारीशेजारी असतात, पोषकद्रव्ये सतत येत राहतात आणि कचरा वाहून जातो. टोल्युईनच्या रेणूला जोडलेला मिथिल गट प्राणवायूशिवायही जीवाणूंना पकडायला जागा देतो. बेंझीनच्या गोलाकाराला तशी कडी नाही. त्यामुळे बहुतेक ठिकाणी टोल्युईन आधी जाते आणि बेंझीन मागे रेंगाळते.

या आकड्यांकडे पाहताना माझी एक शंका कायम राहते. निवासी भागातल्या घटीत उपशाचा वाटा किती आणि जीवाणूंचा किती? पंपाने दूषित पाणी ओढून घेतले आणि त्याच्या जागी स्वच्छ पाणी आले तरी आकडा उतरतो. चरांजवळचा निकाल जीवाणूंच्या बाजूने बोलतो, कारण तिथे पोषकद्रव्यांच्या जवळिकीनुसार फरक दिसतो आणि मूळ साठाही तिथेच होता. वस्तीखालच्या ७५ टक्क्यांबद्दल मात्र तेवढ्याच ठामपणे बोलू नये.

वेगळे काय करता आले असते

सर्वांत मोठी संधी १९७५ मध्येच होती. उथळ भूजल, रेताड जमीन आणि उताराच्या दिशेला वस्ती, एवढी माहिती पुरेशी असते. गोळा न झालेले इंधन पाण्यात किती उतरले हे बघण्यासाठी उताराच्या दिशेने निरीक्षण विहिरींची एक ओळ लगेच हवी, आणि तिच्यात निदान बेंझीन व टोल्युईन वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर मोजले जायला हवे. विरघळलेला पट्टा शंभर पावलांवर असताना अडवणे आणि तो घराखाली आल्यावर अडवणे यांच्या खर्चाची तुलनाच होत नाही.

दुसरे, १९८५ पासून १९९२ पर्यंतच्या काळाबद्दल. अभ्यासाला लागलेली वर्षे वाया गेली असे मी म्हणणार नाही. त्या अभ्यासाशिवाय नत्राची उणीव कळली नसती आणि बहुधा कुणीतरी महागडे जीवाणू विकत घेऊन ओतले असते. पण वस्तीच्या सीमेवर पाणी अडवणे आणि मुळाशी पोषण देणे ही कामे एकमेकांवर अवलंबून नाहीत. अशा जागी सीमेवरचा उपसा अभ्यास पूर्ण होण्याची वाट न पाहता सुरू करता येतो, आणि त्यातून भूजल कसे वाहते याची माहितीही मिळते, जी पुढे चर कुठे घ्यायचे हे ठरवायला लागते.

तिसरे, श्रेयाची वाटणी मोजता यावी अशी तयारी आधीच करता येते. चरातून सोडायच्या पाण्यात ब्रोमाइडसारखा, कुणी न खाणारा क्षार ठरावीक प्रमाणात मिसळला तर विहिरीत आलेल्या पाण्यापैकी चराचे पाणी किती हे कळते. ब्रोमाइड जितके विरळ झाले तितकेच बेंझीन विरळ झाले असेल तर ते नुसते मिसळणे आहे. बेंझीन त्याहून जास्त घटले असेल तरच कुणीतरी ते खाल्ले आहे. हा क्षार स्वस्त असतो आणि नंतरचे वाद महाग असतात.

चौथे, बेंझीनचा आकडा स्वतंत्र द्यायला हवा. ‘एकूण प्रदूषण’ किंवा टोल्युईन यांच्या घटीने शेजारी राहणाऱ्या माणसाच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. सर्वांत घातक आणि सर्वांत हट्टी घटक एकच असेल, तर निकाल त्याच्या नावाने लिहावा. पंप बंद केल्यानंतरची निदान दोन पावसाळ्यांची वाचने त्याला जोडावीत, कारण मातीत साठा उरला असेल तर तो तेव्हाच बोलतो.

हे प्रकरण वाचून महाराष्ट्रात तसेच्या तसे चर खणायला घेणाऱ्याने एक गोष्ट आधी तपासावी. हॅनाहनची रेती सर्व बाजूंनी साधारण सारखे पाणी सोडते, म्हणून चरातून गेलेले पाणी माखलेल्या मातीभर पसरले. विदर्भात पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात असे काही जमेल. पण राज्याचा बहुतेक भाग बेसॉल्टच्या कातळाचा आहे; तिथे पाणी मुरमाच्या थरातून आणि कातळाच्या भेगांतून जाते. इंधन एका भेगेत आणि पोषकद्रव्यांचे पाणी शेजारच्या भेगेत, असे होणे तिथे अपवाद नाही. दहा फुटांवरच्या दोन बोअरपैकी एकाला पाणी लागते आणि दुसरे कोरडे जाते, हे ज्या गावांनी पाहिले आहे तिथे पोषणाचा पहिला लिटर सोडण्याआधी कोणत्या बोअरमधले पाणी कोणत्या बोअरमध्ये निघते हे ब्रोमाइड घालून पाहणे, हीच कामाची पहिली पायरी ठरते.